हळद उघडली, लग्न उघडेना: तुकडे केलेल्या झिप-रार फाइलींबद्दल

मे महिन्यातली नागपूरची दुपार, बाहेर ४५ डिग्री, कूलर फुल स्पीडवर, आणि नंदनवनहून मावशीचा फोन. "अरे, पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ आला, पण नुसती हळदच दिसून राहिली. लग्न उघडूनच नाही राहिलं. काहून रे? त्यानं शूटिंगच नाही केलं का?" आवाज पार रडवेला झालेला. लग्न फेब्रुवारीत झालं, व्हिडिओ तीन महिन्यांनी हातात आला आणि आता हे. मी म्हटलं मावशी, काही डिलीट करू नको, कुठल्या फाइलचं नाव बदलू नको, पेनड्राइव्ह तशाच काढून ठेव, मी संध्याकाळी येतो.

गेलो तर टेबलावर दोन पेनड्राइव्ह, दोन्ही ३२ जीबीच्या, मावशीनंच स्टुडिओत नेऊन दिलेल्या. पहिलीत सात फाइली, सगळ्यांचं नाव लग्न, पुढे पार्ट०१, पार्ट०२ असं करत पार्ट०७ पर्यंत आणि शेवटी रार, म्हणजे झिपसारखंच बऱ्याच फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं. दुसरीत मावशीची भजनं आधीपासून होती, त्यांच्या बाजूला पार्ट०८, ०९ आणि १०. मावसभावानं पहिली पेनड्राइव्ह लावली, पार्ट०१ वर डबल क्लिक केलं, एक्सट्रॅक्ट केलं, म्हणजे आतलं बाहेर काढायला लावलं, हळदीचा व्हिडिओ बाहेर आला, मग स्क्रीनवर पुढचा व्हॉल्यूम (म्हणजे तुकडा) द्या असा बॉक्स आला, त्याला वाटलं काहीतरी एरर आहे, त्यानं कॅन्सल दाबलं. त्याची यात काहीच चूक नाही. हे कोणी कधी समजावूनच सांगत नाही, आणि घरोघरी असेच फोन होत असतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. आपल्याला वाटतं दहा फाइली म्हणजे दहा वेगळ्या वस्तू, संत्र्याच्या फोडींसारख्या, एक फोड हरवली तर बाकीच्या नऊ खाता येतातच. तसं नाहीये. फोडीला स्वतःची साल असते, ती आपापली पूर्ण असते. इथं दहा तुकडे म्हणजे एकच लांबलचक फाइल, कात्रीनं ठराविक मापावर कापलेली, आणि कापताना आत काय चाललंय ते कात्री पाहत नाही. एखाद्यानं लांब पत्र लिहिलं आणि दर वीतभरावर कापलं, मग वाक्य अर्धं का असेना, शब्द अर्धा का असेना, तसं. त्यामुळे पार्ट०४ उघडून पाहतो त्यात काय आहे, याला काही अर्थ नसतो. पार्ट०४ मध्ये लग्नाच्या मधलंच काहीतरी आहे, ज्याला ना सुरुवात आहे ना शेवट.

मग मावशीकडे हळद का उघडली? कारण त्या रारमध्ये तीन व्हिडिओ एकामागे एक ठेवले होते, हळद साधारण ६ जीबी, लग्न २४ जीबी, रिसेप्शन ७ जीबी, मिळून ३७. तुकडे साधारण चार-चार जीबीचे. म्हणजे हळद पार्ट०१ मध्ये सुरू होऊन पार्ट०२ मध्येच संपली. लग्न पार्ट०२ च्या मधून सुरू झालं आणि पार्ट०८ पर्यंत पसरलं. आणि पार्ट०८ तर दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये, भजनांच्या शेजारी. पहिल्या पेनड्राइव्हवर हळद पूर्ण होती, लग्नाची शेपटी नव्हती, बस एवढंच झालं होतं. मावशीला हे वहीत तीन लांब पट्ट्या काढून दाखवलं, वरून दहा उभ्या रेघा मारल्या, तेव्हा तिचा जीव थोडा भांड्यात पडला की शूटिंग झालंय.

आता मुळात तुकडे करायचेच कशाला? कारण जुनं आहे. फ्लॉपी होत्या तेव्हा एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावायचे, ५ एमबीचा प्रोग्राम द्यायचा तर चार फ्लॉपी लागायच्या, आणि कॉम्प्युटर मधेच म्हणायचा पुढची डिस्क टाका. फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामरनं १९८९ मध्ये झिप आणलं, रशियाच्या यूजीन रोशालनं १९९३ मध्ये रार आणलं (रारमधला पहिला र त्याच्याच आडनावाचा), आणि इगोर पावलोव्हनं १९९९ मध्ये सेव्हन-झिप. फ्लॉपी गेल्या पण मापं राहिलीच, फक्त मोठी झाली. जीमेलवर एका मेलला २५ एमबीची मर्यादा. आणि पेनड्राइव्हवाल्यांचं खरं दुखणं म्हणजे एफएटी३२.

हे एफएटी३२ जरा समजून घ्या कारण नव्वद टक्के डोकेदुखी इथूनच येते असं माझं मत आहे. पेनड्राइव्हवर फाइली कशा मांडून ठेवायच्या याची एक पद्धत असते, गोदामात माल लावायची असते तशी, आणि ३२ जीबीपर्यंतच्या पेनड्राइव्ह बहुतेक वेळा एफएटी३२ पद्धतीनंच फॉरमॅट होऊन येतात. त्या पद्धतीत प्रत्येक फाइलचा आकार लिहायला ३२ बिटची जागा आहे. ३२ बिटमध्ये मोठ्यात मोठा आकडा मावतो तो ४,२९,४९,६७,२९५. तेवढ्या बाइट्सच्या पुढची फाइल त्या पेनड्राइव्हवर ठेवताच येत नाही, मग पेनड्राइव्ह पूर्ण रिकामी का असेना. म्हणजे चार जीबीला एक बाइट कमी. स्टुडिओवाल्या दादानं याच मापात बसणारे तुकडे केले होते, रार बनवायच्या विनरार या प्रोग्राममध्ये हे माप तयारच मिळतं. आणि म्हणूनच मावसभावानं आधी त्याच पेनड्राइव्हवर एक्सट्रॅक्ट करून पाहिलं तेव्हा फाइल फार मोठी आहे असं आलं, कारण बाहेर येणारा लग्नाचा व्हिडिओ २४ जीबीचा, तो एफएटी३२ वर बसणारच नाही. एक्सट्रॅक्ट नेहमी लॅपटॉपच्या डिस्कवर नाहीतर एक्सएफएटी किंवा एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतींनी फॉरमॅट केलेल्या हार्ड डिस्कवर करायचं.

आता कॉम्प्रेस म्हणजे आत काय होतं, थोडक्यात. समजा लग्नाच्या पाहुण्यांची यादी आहे, चारशे नावं, आणि प्रत्येक ओळीत शेवटी "रा. नंदनवन, नागपूर" नाहीतर "रा. महाल, नागपूर" असं आहे. कॉम्प्रेस करणारा प्रोग्राम पहिल्यांदा ते पूर्ण लिहितो, दुसऱ्यांदा तेच आलं की तो म्हणतो, इतकी अक्षरं मागे जा आणि तिथून इतकी अक्षरं उचलून इथं ठेव. ही युक्ती लेम्पेल आणि झिव्ह या दोघांनी १९७७ मध्ये मांडली. वर अजून एक थर असतो हफमनच्या पद्धतीचा, १९५२ सालचा, त्यात जे चिन्ह वारंवार येतं त्याला छोटा कोड आणि जे क्वचित येतं त्याला लांब कोड. साधं झिप म्हणजे हे दोन्ही मिळून. झिपमध्ये मागे पाहायची हद्द ३२ केबी एवढी, सेव्हन-झिपच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ती कितीतरी लांब, म्हणून ते जास्त दाबतं.

आणि इथंच तुकडा हरवण्याचं गांभीर्य कळतं. पुढच्या तुकड्यात लिहिलंय "मागे जा आणि उचल", पण मागचा तुकडाच नाही. काय उचलणार? काही जण आर्काइव्ह (म्हणजे हे झिप-रारचं गाठोडं) बनवताना सॉलिड नावाचा पर्याय चालू करतात, त्यात सगळ्या फाइली मिळून एकच सलग प्रवाह धरला जातो, आकार अजून कमी होतो, पण मधला एक तुकडा गेला तर पुढचं सगळंच जातं. मावशीचं रार सॉलिड नव्हतं ते बरं, नाहीतर लग्न बिघडलं की रिसेप्शनपण गेलं असतं. बरं, व्हिडिओ तर आधीच दाबलेला असतो, कॅमेऱ्यातून किंवा एडिटिंगमधून बाहेर येतानाच, त्यामुळे तो झिप-रार करून लहान होत नाही. ३७ जीबीचे ३७च राहतात. इथं रार फक्त डब्यासारखं वापरलं होतं, कापून दोन पेनड्राइव्हवर मावावं म्हणून.

कोणता तुकडा आधी उघडायचा, यात लोक फार अडकतात. रार असेल आणि नावात पार्ट१ किंवा पार्ट०१ असेल तर त्याच्यावरच क्लिक करायचं, बाकीचे तुकडे प्रोग्राम स्वतः शोधतो. जुन्या पद्धतीच्या रारमध्ये पहिल्या फाइलचं एक्स्टेन्शन (नावातल्या शेवटच्या टिंबानंतरची अक्षरं) नुसतं रार, आणि पुढच्यांची आर००, आर०१ अशी, तिथं रारवाली पहिली. सेव्हन-झिपनं कापलेल्या फाइलींच्या शेवटी ००१, ००२ असतं, ००१ उघडायची. आणि झिप थोडं उलटं आहे, झेड०१, झेड०२ असे तुकडे आणि शेवटच्या तुकड्याचं एक्स्टेन्शन झिप, कारण झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते, पुस्तकाच्या मागच्या पानावर असावी तशी. तर तिथं शेवटचा झिपवाला तुकडा उघडायचा. विंडोजमध्ये झिप उघडायची जी आपली आपण सोय आहे ती अशा तुकडे केलेल्या झिपला उघडत नाही, त्यासाठी सेव्हन-झिप किंवा विनरारच लागतं.

मग मावशीकडे मी काय केलं? हार्ड डिस्कवर एक नवा फोल्डर केला, दहाच्या दहा तुकडे त्यात कॉपी केले. नावं जशीच्या तशी. हे फार महत्त्वाचं, कारण प्रोग्राम पुढचा तुकडा नावावरूनच शोधतो. कोणी डाउनलोड दोनदा केलं की ब्राउझर नावाच्या पुढे कंसात १ लावतो, पार्ट०३ चं पार्ट०३ (१) होतं, आणि मग तीन नंबर सापडत नाही म्हणून सगळं अडतं, आणि माणूस बिचारा परत सगळं डाउनलोड करत बसतो. नुसता तो कंस काढला असता तरी झालं असतं. मग आकार पाहिले, पहिले नऊ तुकडे बाइट-बाइट सारखे हवेत, शेवटचा लहान चालतो. सारखे होते. जागा पाहिली, ३७ जीबी तुकड्यांना आणि अजून ३७ बाहेर येणाऱ्या व्हिडिओंना, म्हणजे ७४, मावशीच्या लॅपटॉपवर ४५ मोकळी होती, म्हणून तर हार्ड डिस्क घेऊन गेलो होतो.

मग एक्सट्रॅक्ट न करता आधी टेस्ट दाबलं. विनरारमध्ये टेस्ट म्हणून बटण आहे, सेव्हन-झिपमध्येपण आहे, आणि मला वाटतं सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि सगळ्यात कामाचं बटण हेच. ते सगळे तुकडे वाचतं, आतलं उलगडून पाहतं, पण डिस्कवर काही लिहित नाही. मावशीनं चहा आणि सकाळचे उरलेले तर्री पोहे आणले, आम्ही तिघं त्या हिरव्या पट्टीकडे पाहत बसलो. तीस टक्क्यांच्या पुढे कुठेतरी लाल ओळ आली, पॅक्ड डेटा चेकसम एरर, आणि पुढे फाइलचं नाव, पार्ट०४.

मावशी म्हणाली, "आता काय झालं?" तर झालं हे की चौथा तुकडा आकारानं पूर्ण होता पण आतून बिघडलेला. कॉपी चालू असताना पेनड्राइव्ह घाईनं ओढली, किंवा पेनड्राइव्हच जुनी, तर असं होऊ शकतं, फाइलला जागा आधीच पूर्ण राखली जाते आणि आत मात्र काही भाग भलताच राहतो. म्हणून नुसता आकार पाहून भागत नाही.

चेकसम म्हणजे पडताळणीचा आकडा. किराण्याच्या बिलाखाली एकूण बेरीज असते, घरी येऊन तुम्ही परत बेरीज केली आणि ती जुळली नाही तर समजायचं कुठलातरी आकडा वाचण्यात चूक आहे, तसंच. आर्काइव्ह बनवताना प्रोग्राम सगळ्या बाइट्सवरून एक आकडा काढतो आणि आतच लिहून ठेवतो, उघडताना परत काढतो आणि जुळवतो. नेहमीचा आकडा सीआरसी३२, तोही ३२ बिटचा, म्हणजे साधारण ४२९ कोटी शक्यतांपैकी एक, एफएटी३२ च्या मापातला तोच आकडा परत इथं येतो, मला हे नेहमी गमतीचं वाटतं की दोन वेगळ्या कामांत एकच भिंत आहे. चुकून झालेली मोडतोड सीआरसी पकडतो. मुद्दाम केलेली फसवणूक मात्र त्याच्या हाताबाहेर आहे, सीआरसी जुळेल अशी खोटी फाइल बनवता येते. त्यासाठी एसएचए-२५६ असतो, तो खूप लांब आकडा, ठरवून जुळवणं आजच्या घडीला कोणाला जमलेलं नाही.

स्टुडिओवाल्या दादाला फोन लावला. भला माणूस, म्हणाला सगळंच नवीन करून देतो. मी म्हटलं नको दादा, तेच तर करू नका. नवं रार बनवलं की त्यातला चौथा तुकडा या जुन्या नऊ तुकड्यांत बसेलच असं नाही, एखादं सेटिंग बदललं, फाइलींचा क्रम बदलला, पासवर्ड लावला, तरी कापण्याच्या जागा आणि आतल्या नोंदी बदलतात. तुमच्याकडे जो मूळ संच आहे त्यातलाच पार्ट०४ द्या फक्त. त्याच्याकडे होता. मग दोन्हीकडे एसएचए-२५६ काढला, सेव्हन-झिप टाकलेलं असलं की फाइलवर राइट क्लिक केल्यावर मेन्यूतच सीआरसी एसएचए असं येतं, तिथून. त्यानं त्याच्या चौथ्या तुकड्याच्या आकड्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला, आमच्या तुकड्याशी तो अर्थातच जुळला नाही, दुसऱ्या दिवशी महालातल्या त्याच्या स्टुडिओतून नवा तुकडा आणल्यावर पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं जुळवली, मग पूर्ण जुळवलं.

इथपर्यंत गोष्ट साधी आहे, पाठवणारा ओळखीचा, माल ओळखीचा. आता दुसरी बाजू, आणि हीच मला जास्त कळकळीनं सांगायची आहे.

मगाशी म्हटलं की एकटा तुकडा पाहून आत काय आहे ते कळत नाही. ते जसं आपल्याला कळत नाही तसं अँटिव्हायरसलाही कळत नाही. त्याला चोरट्याची ओळख पटायला पूर्ण चेहरा लागतो, तुम्ही त्याला चेहऱ्याचा एक तुकडा दाखवला तर तो काय ओळखणार. त्यात पासवर्ड लावला तर सगळे तुकडे एकत्र असूनही मेलच्या गाळणीला आत डोकावता येत नाही. म्हणून फसवणारे लोक नेमकं हेच करतात, झिप किंवा रार, पासवर्ड लावलेलं, कधी दोन-तीन तुकड्यांत, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये खाली लिहिलेला. विचार करा, पासवर्ड जर चोरापासून वाचवायला असेल तर तो पत्रातच कोण लिहून देईल? तो लावलेला असतो मशीनच्या तपासणीपासून वाचायला.

आमच्या शेजारच्या काकांना असाच मेल आला होता, थकीत वीजबिलाचा तपशील सोबत जोडला आहे, चोवीस तासांत पाहिला नाही तर लाइन कापू. मे महिन्यात नागपुरात लाइन कापायची धमकी म्हणजे कोणाचीही घाबरगुंडी उडणारच, घरात म्हातारी आई. काका रिटायर्ड शिक्षक, सगळं नीट वाचून करणारे, तरी हात माऊसवर गेलाच होता. मला बोलावलं म्हणून बरं. आर्काइव्ह उघडून नुसती यादी पाहिली, बाहेर काही काढलं नाही, तर आत एकच फाइल, नाव बिल, पुढे डॉट पीडीएफ, आणि त्याच्याही पुढे डॉट ईएक्सई. विंडोज सुरुवातीपासून ओळखीची एक्स्टेन्शन लपवून ठेवतं, त्यामुळे बाहेर काढल्यावर काकांना फक्त बिल डॉट पीडीएफ दिसलं असतं, आणि वर चित्रही पीडीएफचंच लावलेलं. ते बिल नव्हतंच, तो चालणारा प्रोग्राम होता. आम्ही तो उघडला नाही, मेल डिलीट केला, आणि काकांच्या लॅपटॉपवर फोल्डरच्या व्ह्यू मेन्यूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करून ठेवली. तुम्हीही आज करून ठेवा, एक मिनिटाचं काम आहे.

यादी पाहून घेणं ही सवयच लावा. आर्काइव्ह उघडल्यावर आत काय आहे ते काढण्याआधी दिसतं, नाव, आकार, एक्स्टेन्शन. फोटो म्हणून पाठवलंय आणि आत ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, बॅट नाहीतर एलएनके असं काही दिसलं तर तिथंच थांबायचं. मोबाइलवर एपीके दिसलं तरी तेच, लग्नपत्रिका म्हणून एपीके पाठवायचे प्रकार आपल्याकडे सर्रास चाललेत, लग्नपत्रिका कधी अॅप नसते. आकारही पाहा. एक फाइल प्रसिद्ध आहे, ४२ डॉट झिप नावाची, बाहेरून ४२ केबी, आणि थरांवर थर उलगडत गेलं तर आतून साडेचार पेटाबाइट. पेटाबाइट म्हणजे दहा लाख जीबी. यात व्हायरस काही नाही, नुसते रिपीट होणारे बाइट्स आहेत, तेच ते "मागे जा आणि उचल" प्रकरण टोकाला नेलेलं, पण डिस्क भरून मशीन आडवं पडतं. छोट्या आर्काइव्हच्या आत अवाढव्य आकडा दिसला तर काढू नका. आणि काही जण विचारतात की यादीच दिसत नाही, उघडतानाच पासवर्ड मागतं, तर रार आणि सेव्हन-झिपमध्ये फाइलींची नावंसुद्धा झाकायचा पर्याय असतो, ओळखीच्यानं पाठवलं असेल तर ठीक, अनोळखी असेल तर तो अजून एक इशारा समजा.

एक गोष्ट नीट वेगळी ठेवा. टेस्टमध्ये सगळं हिरवं आलं, चेकसम जुळला, म्हणजे फाइल शाबूत आहे, सुरक्षित आहे असं नाही. ज्यानं पाठवली त्यानं जशी पाठवली तशीच पोचली एवढंच ते सांगतं. फसवणाऱ्यानं पाठवली असेल तर त्याची फाइलही अगदी शाबूत पोचते. म्हणून आधी पाठवणारा कोण ते पक्कं करा, मेलवर मेल करून नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून. मग एका रिकाम्या फोल्डरात काढा, मग त्या पूर्ण फोल्डरवर अँटिव्हायरस फिरवा, कारण आत्ता कुठे त्याला पूर्ण चेहरा दिसतोय, आणि मगच उघडा. व्हायरसटोटल या फाइली तपासून देणाऱ्या साइटवर टाकून पाहता येतं, पण तिथं टाकलेली फाइल इतर कंपन्यांना आणि अभ्यासकांनाही मिळू शकते, त्यामुळे आधार, मार्कशीट, घराचे कागद तिथं टाकू नका. हीच गोष्ट ऑनलाइन अनझिप करून देणाऱ्या साइटींची, आपले घरचे कागद अनोळखी माणसाच्या कॉम्प्युटरवर ठेवून उघडून घेण्यासारखं आहे ते.

आणि उघडणारा प्रोग्राम जुना ठेवू नका. हे मी सगळ्यांना सांगतो आणि लोक ऐकून सोडून देतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो. २०१९ मध्ये विनरारमध्ये एक भोक सापडलं, ते साधारण १९ वर्षं तिथंच होतं, त्यातून तुम्ही सांगितलेल्या फोल्डरऐवजी भलत्याच जागी फाइल टाकता यायची, उदाहरणार्थ मशीन चालू झाल्यावर आपोआप चालणाऱ्या स्टार्टअप फोल्डरात. २०२३ मध्ये दुसरं सापडलं, आर्काइव्हमधला साधा फोटो किंवा पीडीएफ डबल क्लिक केला की त्याच नावाच्या फोल्डरातला छुपा प्रोग्राम चालायचा, ते ६.२३ मध्ये बुजवलं. २०२५ मध्ये परत भलत्या जागी फाइल टाकणारं एक, ते ७.१३ मध्ये दुरुस्त केलं, आणि दुरुस्तीच्या आधीच त्याचा वापर करून हल्ले झालेले होते. सेव्हन-झिपमध्येही एक होतं, इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज जो इशाऱ्याचा शिक्का मारतं तो आतल्या फाइलींपर्यंत पोचू न देता चुकवता यायचा, ते २४.०९ मध्ये नीट झालं. या प्रोग्रामना दोष द्यायला मी हे सांगत नाहीये, दोन्ही चांगले आहेत, मी रोज वापरतो. पण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही, तुम्हाला जाऊन नवं घ्यावं लागतं, आणि आपल्याकडच्या कितीतरी मशीनवर आठ-दहा वर्षांपूर्वी कोणीतरी टाकून दिलेलं तेच अजून चालतंय. हेल्प मेन्यूत जाऊन व्हर्जन पाहा. घ्यायचं तर मूळ साइटवरूनच, सेव्हन-झिप डॉट ओआरजी, विनरारसाठी रारलॅब डॉट कॉम, सर्चमध्ये वर आलेल्या जाहिरातीवरून नाही. सेव्हन-झिप पूर्ण फुकट आहे, रार उघडतं, फक्त रार बनवत नाही.

चुकून एखादं उघडलंच, आणि पैशाचा व्यवहार झाला किंवा ओटीपी गेला, तर नेट बंद करून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकं पैसे अडवता यायची शक्यता जास्त. लाजू नका, काकांसारखी सावध माणसंही फसतात.

तर मावशीकडे परत. नवा चौथा तुकडा फोल्डरात टाकला, जुना वेगळा काढला, टेस्ट परत लावलं, या वेळी शंभर टक्के, एकही लाल ओळ नाही. मग एक्सट्रॅक्ट. तीन व्हिडिओ, हळद, लग्न, रिसेप्शन. चौथ्या तुकड्याचा भाग म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचा साधारण पाव भाग झाल्यावर सुरू होणारा, तिथं मावशीनं मुद्दाम पुढे ओढून पाहिलं, मंगलाष्टकं चालू होती, तिचे स्वतःचे सासरे अक्षता टाकताना. ते मार्चमध्ये गेले. ती बराच वेळ काही बोलली नाही, मी पण नाही.

दुसऱ्या दिवशी मी दादाकडे गेलो, पार्ट०४ ची पेनड्राइव्ह परत द्यायला. म्हटलं एक्सएफएटी करून सरळ व्हिडिओ का नाही देत, तुकड्यांची भानगडच नको. तर तो म्हणाला, "भाऊ, लोक आपलीच पेनड्राइव्ह आणून देतात, तिच्यात त्यांचं काही ना काही असते, फॉरमॅट कसा मारू?" बरोबर होतं त्याचं, मावशीची भजनं गेली असती. मग त्याला विनरारमधला रिकव्हरी व्हॉल्यूमचा पर्याय दाखवला. त्यानं मूळ तुकड्यांसोबत आरईव्ही नावाचे जास्तीचे तुकडे बनतात, आणि एक आरईव्ही तुकडा हरवलेल्या कुठल्याही एका तुकड्याची जागा भरून काढू शकतो, चौथा असो की नववा, दोन हरवले तर दोन आरईव्ही लागतात. यामागचं गणित रीड आणि सॉलोमन या दोघांचं, १९६० सालचं, ओरखडा पडलेली सीडी तरी गाणं म्हणायची ती याच घराण्यातल्या गणितामुळे. त्याला ते एकदम पटलं. आता तो दर ऑर्डरला एक आरईव्ही तुकडा जास्तीचा टाकतो, आणि सोबत एका कागदावर मराठीत लिहून देतो, सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये टाका, पार्ट०१ उघडा, पेनड्राइव्ह इजेक्ट करूनच काढा.